इंग्रजी जाणणारा इसम पाहिजे

वरूड, ता. २३ जानेवारी १९६१

तीर्थस्वरूप वामनराव दाजी यांच्या पायांवर किसनरावाचे डोके. येथील सर्व मंडळी जिवंत आहेत व त्यांतली बरीचशी खुशालही आहेत. आपला उजवा गुडघा अकोल्याच्या थंडीत कसा काय वागतो ते लिहावे. ती. मनकर्णाबाईचा खोकला कमी झाला असेल अशी आशा आहे. नसेल तर येथून आवळकंठी पाठवतो. (संत्री पाठवीत नाही. का ते पुढे येईल.)

आपले कार्ड पोचले. त्यात आपण उकंडरावाचे कसे काय चालले आहे असे एका ओळीत विचारले आहे. दाजी, मलाही एकाच ओळीत उत्तर द्यायचे होते. पण ती ओळ वडीलधाऱ्या माणसाला, त्यातही बहिणीच्या नवऱ्याला, लिहिण्यासारखी जमेना. म्हणून सविस्तर लिहितो. चष्मा लावून, निवांत बसून वाचावे.

आपणास ठाऊक आहे की गेल्या वर्षी आम्ही चाळीस बागवाल्यांनी दलालांच्या जाचाला कंटाळून सुवर्णफल संत्रा कंपनी काढली. खुशालराव चेअरमन झाले, कारण त्यांचा बगीचा सर्वांत मोठा आणि आवाज बगीच्यापेक्षा मोठा. नत्थुजी डायरेक्टर झाले, कारण ट्रक त्यांचे. मी सेक्रेटरी झालो, कारण माझ्याजवळ फाउंटन पेन होते. माल दिल्लीच्या आडत्याकडे जायचा. हा आडत्या समोर बसला की हिंदीत शिव्या देतो, पण तारा मात्र इंग्रजीतच करतो. आता आमच्या मंडळाचे इंग्रजी सांगतो. खुशालराव इंग्रजीत सही करतात आणि ती प्रत्येक वेळी निराळी येते. नत्थुजींना ट्रक मागे घेण्यापुरते येते. मी इंग्रजी तिसऱ्या पुस्तकात शाळा सोडली. तेव्हा पत्रव्यवहाराला कारकून ठेवायचा असा ठराव झाला आणि अमरावतीच्या साप्ताहिकात जाहिरात दिली की इंग्रजी जाणणारा, सालस व कामसू इसम पाहिजे.

दिवाळीनंतर पॅकिंगच्या शेडमध्ये मुलाखती घेतल्या. पाच जण आले. एकाला ट्रकवर क्लीनर व्हायचे होते. दोघे खुशालरावांचा आवाज बाहेरूनच ऐकून परत गेले. उरले दोन. एक आपले उकंडराव. (आपले म्हणजे आपण चिठ्ठी देऊन पाठवलेले. आपण चिठ्ठीत ‘मुलगा होतकरू, इंग्रजी फर्डे’ असे लिहिले होते. तो आपल्या घरमालकाचा भाचा आहे हे लिहायचे राहून गेले असावे. घरमालकांनी यंदा आपल्या घराची कौले फेरून दिली असे बाईच्या पत्रात वाचले, फार बरे वाटले.) दुसरा देवमन. हा डोमाजी तायड्याचा मुलगा. डोमाजी खुशालरावांच्या बगीच्यात वीस वर्षांपासून पेट्या भरतो. ही मंडळी छप्पन साली बौद्ध झाली. मुलगा अमरावतीला वसतिगृहात राहून इंटर पास झाला, टायपिंगचे सर्टिफिकेटही आणले.

आता पेच असा की परीक्षा इंग्रजीची आणि परीक्षकांना इंग्रजी येत नाही. खुशालरावांनी तोड काढली. विहिरीला पाणी किती हे मोट किती वेळ चालते त्यावरून कळते, तसे जो न थांबता बोलेल त्याला इंग्रजी येते. उकंडराव उठले, कोटाची बटणे लावली आणि पाव तास श्वास न घेता बोलले. मधून मधून ‘काऊ’ हा शब्द आला तेवढा नत्थुजींच्या ओळखीचा निघाला. मुलाला शेतीची आवड दिसते असे ते माझ्या कानात म्हणाले. (पुढे कळले की तो शाळेतला गायीवरचा निबंध होता, आणि गाय संपल्यावर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचा मजकूर होता.)

देवमन उठला तो थांबून थांबून बोलला. तेवढ्यावर त्याची विहीर आटली असे धरले असते. पण त्याने त्याहून मोठी आगळीक केली. बोलून झाल्यावर त्याने इंग्रजीतच मंडळाला काहीतरी विचारले आणि उत्तराची वाट पाहत उभा राहिला. दाजी, ते अर्धे मिनिट मी जन्मात विसरणार नाही. खुशालराव नत्थुजींकडे पाहतात, नत्थुजी माझ्याकडे, मी छताकडे. शेवटी त्यानेच मराठीत सांगितले की रोज किती पत्रे असतील एवढेच विचारले. मग चहा आला. उकंडरावांना मिळाला, मंडळाला मिळाला, देवमनच्या वेळी संपला. (किटली अर्धी भरलेली होती, हे मी जवळ बसलो होतो म्हणून सांगतो.)

दोघेही बाहेर गेल्यावर मी म्हणालो की टायपिंग तर देवमनलाच येते. खुशालरावांनी पानाला चुना लावत विचारले, “डोमाजीचा पोरगा खुर्चीवर बसला तं पेट्या कोन उचलंन?” आमच्या कंपनीच्या नियमावलीत जातपात पाळली जाणार नाही असे कलम आहे. ते मीच फाउंटन पेनने लिहिले आहे. त्याला कोणी हात लावला नाही. फक्त आवाज बारीक असल्यामुळे दुसरा उमेदवार पसंत केला अशी नोंद झाली, आणि तीही त्याच पेनने.

उकंडरावांचा पहिला महिना उत्तम गेला, कारण एकही तार आली नाही. ते रोज टेबल पुसून घेत, शिक्के ओळीने मांडत आणि सही यू. जी. अशी करीत. मग डिसेंबरात आंबिया बहाराचा ऐन माल उतरला. चाळीस घरांची संत्री शेडमध्ये आली, पांढुर्ण्याला वॅगन लागली आणि दिल्लीहून तार आली. तारेतले शब्द आता मला पाठ आहेत, मरेपर्यंत राहतील: डू नॉट सेंड गुड्स अंटिल फर्दर अॅडव्हाइस स्ट्राइक.

उकंडरावांनी ती पाच मिनिटे न्याहाळली आणि अर्थ फोडून सांगितला. नॉट म्हणजे गाठ. गुड्स म्हणजे चांगला माल. तेव्हा चांगला माल पेट्यांना गाठी मारून पाठवा. अंटिल हे आडत्याच्या नव्या मुनिमाचे नाव. फर्दर अॅडव्हाइस म्हणजे वडिलांचा सल्ला. आणि स्ट्राइक म्हणजे हाणा, अर्थात गाड्या लवकर हाणा. आम्हाला तो आडत्या एकदम सज्जन वाटू लागला. बाजारातून सुंभ आणले. खुशालरावांचे वडील पुंजाजी पंच्याऐंशी वर्षांचे आहेत व त्यांना ऐकू येत नाही. त्यांना बाजेवर घालून शेडमध्ये आणले आणि कानाशी ओरडून सल्ला विचारला. त्यांना वाटले की जेवणाचे विचारतात. ते म्हणाले, लवकर पाठवा. वडिलांचाही सल्ला पडला.

डोमाजीला त्या आठवड्यात ताप होता. त्याच्या जागी देवमन पेट्यांना खिळे ठोकायला आला होता. तार हातोहात फिरत होती. (इंग्रजी तार हातात धरायलाही लोकांना आवडते.) ती त्याच्यापाशी पोचली. त्याने हातोडा खाली ठेवला, हात धोतराला पुसले, वाचली आणि खुशालरावांसमोर येऊन हळू आवाजात म्हणाला, “काका, माल पाठवू नका असं लिवलं हाये याच्यात. दिल्लीत संप हाये.”

उकंडराव हसले. खुशालराव म्हणाले, “तुले कोन इचारलं? तू खिळे ठोक.”

दाजी, येथे एक गोष्ट लिहितो ती बाईला वाचून दाखवू नये. नॉट म्हणजे नाही, एवढे मला येत होते. इंग्रजी पहिल्या पुस्तकात आहे ते. मी बोललो नाही. बोललो असतो तर किसनरावाने तायड्याच्या पोराची बाजू घेतली असे गावभर झाले असते, आणि चार दिवसांनी कंपनीची निवडणूक होती. (मी सेक्रेटरी म्हणून बिनविरोध निवडून आलो.) देवमनने ती तार घडी करून माझ्याच हातात दिली, माझ्याकडे एकदा पाहिले आणि परत जाऊन संध्याकाळपर्यंत खिळे ठोकले. एकही खिळा वाकडा गेला नाही.

पुढचे आपण ओळखले असेल. दिल्लीत हमालांचा संप होता. वॅगन यार्डात नऊ दिवस उभी राहिली. मंडळाने मला तिकडे धाडले. वॅगन उघडली तेव्हा जो वास आला तो अजून माझ्या कोटाला आहे, आपल्या सासुरवाडीची माणसे माझ्याजवळ बसत नाहीत. मधल्या काही पेट्यांतला माल वाचला असता, पण आम्ही गाठी अशा काही मारल्या होत्या की विळा आणेपर्यंत तोही गेला. चाळीस घरांचा बहार मी माझ्या डोळ्यांनी रेल्वेच्या खड्ड्यात ओतताना पाहिला. विधवा पार्बताबाईची फक्त साठ झाडे आहेत. मी परत आलो तेव्हा ती मोटारस्टँडवर उभी होती. माझे रिकामे हात पाहून ती पदर सावरत तशीच घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मंडळ बसले आणि एका तासात सर्वानुमते ठरले की योग्य माणूस देवमनच होता. खुशालरावांनी तर हे आपण आधीच म्हटले होते असे सांगितले. त्याला आणायला मला पाठवले. घरी डोमाजी अंगणात बसला होता, त्याने नुसते बसायला सांगितले. देवमनची आई जाईबाई बाहेर आली. मुलगा अमरावतीला गेला, त्याला सरकारी कचेरीत जागा मिळाली, असे तिने सांगितले. मी पत्ता मागितला. तो तिने दिला. मग दारात उभी राहून म्हणाली, “चहा घेता काय, किसनराव? आमच्या घरचा सरला नाही अजून.”

मी घेतला. चांगल्या कपबशीत होता, साखर जास्तच होती. तो संपवायला मला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ ती दारातच उभी राहिली. (हेही बाईला सांगू नये. किंवा सांगावे, मला आता कळेनासे झाले आहे.)

मग मंडळातर्फे देवमनला मी मराठीत पत्र पाठवले. त्याच्या गुणांची तारीफ केली, खुर्ची स्वतंत्र मिळेल असे कळवले, झाल्या प्रकाराला गैरसमज असे नाव दिले. मृग बहार महिनाभरात उतरेल. दिल्लीवाला आता आमची उलट इंग्रजी तार आल्याखेरीज माल उतरवून घेणार नाही म्हणतो. लोक कंपनी मोडून परत दलालाच्या दारात जायला निघाले आहेत. असे येथील वर्तमान आहे. लहानांस आशीर्वाद, ती. बाईस दंडवत. गुडघ्याला तीळतेल लावावे.

आपला आज्ञाधारक मेव्हणा,
किसनराव

ता. क. उकंडराव अजून कामावर आहेत. त्यांना काढण्याचा ठराव झाला होता. पण कंपनीची पत्रे इंग्रजीत निघतात आणि ती लिहिण्याचे काम त्यांचेच. त्यांनी आपल्या बडतर्फीचे पत्र स्वतः लिहून आणले आणि आम्ही तिघांनी सह्या केल्या. आता ते म्हणतात की ते त्यांना कायम केल्याचे पत्र आहे. घरमालकांस आमचा नमस्कार सांगावा, आणि पुढची कौले त्यांनी भाच्यासाठी चिठ्ठी न मागता फेरून द्यावीत.

ता. क. दुसरे. पत्र लिहिण्याचे खरे कारण राहिलेच. देवमनचे उत्तर आले आहे. दोन पाने, टाइप केलेली, सगळी इंग्रजीत. मराठीत लिहायला त्याला काय झाले होते? खुशालराव म्हणतात की मान देण्यासाठी इंग्रजीत लिहिले. नत्थुजी म्हणतात की फजिती करण्यासाठी. उकंडरावांनी वाचून सांगितले की तो सोमवारी रुजू होतो आणि सर्वांचा फार आभारी आहे. त्यामुळे माझी झोप उडाली. ते पत्र सोबत जोडले आहे. आपण अकोल्याच्या कोर्टात तीस वर्षे इंग्रजी नकला केल्यात. वाचून, तो येतो की नाही एवढे कळवावे. बंद लिफाफ्यात कळवावे, येथे कार्डे आधी पोस्टात वाचली जातात.

ता. क. तिसरे. येत नसेल तर कंपनीच्या वतीने आपणच त्याला एक चांगलेसे इंग्रजी पत्र लिहून माझ्याकडे पाठवा, मी सह्या घेतो. खुशालरावांनी बजावले आहे की विनंती करावी, पण माफी मागू नये, कंपनी माफी मागत नसते. तेव्हा इंग्रजीत असा एखादा शब्द असेल की जो खुशालरावांना माफी वाटणार नाही आणि देवमनला वाटेल, तर तो घालावा. नसेल तर सरळ माफीच मागावी, शेडची आणि चहाची, दोन्ही. आमच्यात ते वाचणारा कोणी नाही.