बेबीचा दम आणि रिसालीचं घर

मी, वसुंधरा श्यामराव हटवार, वय चौसष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार रिसाली, भिलाई, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे; शंका असेल त्याने समोर येऊन बसावं. कोणाचा दबाव नाही. तो माझ्यावर कधी चाललाही नाही.

१. रिसालीचं घर माझ्या स्वकष्टाचं आहे. माझ्या पश्चात ते भाचा निखिलच्या नावे व्हावं. मात्र माझी बालमैत्रीण बेबी चेटुले, जी नवरा गेल्यापासून माझ्यासोबत राहते, ती हयात असेपर्यंत याच घरात राहील आणि तोवर घर विकता येणार नाही. निखिल मनाने वाईट नाही. पण दिवाळीत विषय काढला तर म्हणाला, "आत्या, बेबीमावशीचं बाद में देख लेंगे न." त्या 'बाद में'वर माझा विश्वास नाही, म्हणून हा कागद.

२. बेबी माझी कोण, असं कोर्टात कोणी विचारलं तर हे वाचून दाखवावं. सत्तरच्या दशकात आम्ही स्टील प्लांटच्या सेक्टरमधल्या क्वार्टरांत वाढलो. कोणाचे वडील प्लांटमधून नाईट ड्यूटी करून झोपले, की त्या घराच्या फाटकावर त्यांचा खांद्यावरचा दुपट्टा टाकत. तो दिसला की अख्ख्या गल्लीतल्या पोरांनी आवाज बंद करायचा. खेळ बंद नसे. आम्ही अंगणात मुकी कबड्डी खेळायचो, नुसते ओठ हलवून. बेबी चढाईला आली की मधेच श्वास घ्यायची. मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. पण भांडणार कशी? झोपलेले असायचे बहुतेकदा तिचेच वडील. ते ड्यूटीला गेले की मी तिला गाठायची.

"मी नाही घेतला श्वास. तुले ऐकू आला का?"

आजही ती हेच म्हणते. त्या अंगणात मी जेवढी सुखी होते, तेवढी पुढे कुठेच झाले नाही.

३. बँकेतली ठेव भाची उन्नतीच्या शिक्षणाला. तिने निदान घरात तरी मराठी बोलावं. शेजारच्या शकुबाईने नेलेलं पुरणयंत्र आता तिचंच समजावं. मी मागून थकले. माझ्या बाबांचा दुपट्टा बेबीला.

४. साक्षीला सही करायला बेबी हटून बसली होती. ज्याला लाभ, त्याची सही चालत नाही, असं वकिलांनी सांगितलं. "मंग मले वाचून तरी दाखव," म्हणाली. दाखवलेलं नाही.

५. मी गेल्यावर फाटकावर दुपट्टा टाकू नये आणि कोणी कुजबुजू नये. बेबीने अंगणात रेघ मारून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, एका दमात कबड्डी म्हणावी. निखिलने पंच म्हणून उभं राहावं. तिला रडू येईल, दम मधेच तुटेल. तरी त्याने तिला बाद देऊ नये.

स्थळ: रिसाली, भिलाई
दिनांक: ११ जानेवारी २०२६

(सही) वसुंधरा श्यामराव हटवार

वसुंधराबाईंनी आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर:
१. (सही) सुजाता बावनकर, रिसाली
२. (सही) धोंडबा कटरे, भिलाई-३