हेगार्टीचं घर, घडीतलं

१२ एप्रिल
घोर अन्याय! शेजारच्या नोर्मा पेटिफरबाईंनी पोटमाळ्यावरचा आमच्या वारिंडा गावाचा १९३८चा सर्वेक्षण-नकाशा दिला. टेकड्या, ओढे, कुंपणं, सगळं शाबूत — आणि घडी नेमकी आमच्या घरावरून! गावातल्या प्रत्येक घराला काळा ठिपका. आमच्या जागी भोक. दाद कुणाकडे मागावी?

१३ एप्रिल
भोकाला मागून चिकटपट्टी लावली. बायको विजू म्हणाली, "घरच दुरुस्त करायचं तर खरं छप्पर गळतंय." मी आणखी एक पट्टी लावली.

१७ एप्रिल
एकोणीस वर्षांनी इथले पत्ते कळले! नोर्माबाई नेहमी सांगणार, "शाळेपाशी डावीकडे वळ, लोण्याच्या कारखान्याच्या पुढे." शाळा वणव्यात गेली, कारखाना बाईंच्या लग्नाआधीच पडला. मी आपला डावीकडे वळून गाईंच्या कळपात!

आज नकाशा घेऊन निघालो. शाळा म्हणजे आता दोन पाइनची झाडं. लाकडं वाहणाऱ्या ट्रामची तुटक रेषा — ती तर आमची मागची पायवाट! म्हणूनच ती चढत नाही, डोंगराला वळसा घालत जाते. बूट चिखलात, जीव आनंदात.

शास्त्रात याला भूतपूर्वगती म्हणतात: वस्तू आज काहीही असो, नाव कालचं. पाणिनीचं तोंडही न पाहता सगळं गाव शास्त्री!

२० एप्रिल
नोर्माबाई गरम स्कोन-पाव घेऊन चहाला. विचारलं, "आमच्या घराला अजून हेगार्टीचं घर का म्हणता? हेगार्टी तर कधीच गेला."

"गेला म्हणूनच! तो राहायचा तेव्हा ते त्याच्या आधीच्या डनचं घर होतं. तू गेलास की मोघेचं. घाई आहे का रे तुला?"

मी खो खो हसलो. विजू नाही. जूनमध्ये आमच्या लेकीला, केतकीला, बाळ होणार, मेलबर्नला. विजूला हे घर विकून कायमचं तिकडे जायचंय. मी "बघू" म्हणतो आणि नकाशा उघडतो.

२८ एप्रिल
"बघू"चा अर्थ विजूने होकार असा लावला. घरं विकणारा दलाल आला. त्याला ट्रामची वाट दाखवली, इतिहास सांगितला. म्हणाला, "वा! बाथरूम किती?" जाताना फाटकावर पाटी ठोकून गेला.

२ मे
दुकानात नोर्माबाई एका परक्या ट्रकवाल्याला सांगत होत्या, "शाळेपाशी डावीकडे, मोघेच्या घरावरून सरळ." मला पाहिलं आणि घाईने पिशवी उचलून निघाल्या.

मला इथून जायचं नाही. विजूला हे सांगायचा धीर होत नाही.