जुरोंगमधलं जहाज

प्रिय वरुण,

पत्र बघून दचकू नकोस, आम्ही सगळे धड आहोत. फोनवर तू मला मध्येच तोडतोस, मग मी तुला तोडते, आणि मुख्य ते राहून जातं. म्हणून या खेपेला इराच्या वहीतले कागद फाडून बसले आहे. मध्ये कंटाळा आला तर चहा करून घे, पण शेवटपर्यंत वाच.

तर, तुमच्या त्या पार्कला गेल्या शनिवारी आम्ही एकदाचे जाऊन आलो. आधीच सांगून ठेवते, तुझ्या वडिलांना घेऊन मी यापुढे कुठेही जाणार नाही, खालच्या दुकानात कोथिंबीर आणायलासुद्धा नाही.

मे महिन्यात तू मला म्हणाला होतास, आई, जपानी अ‍ॅनिमेशनच्या सिनेमांचं एक पार्क सहा महिन्यांसाठी सिंगापूरला येतंय, जुरोंग ईस्टला, आणि त्यात एक जहाज आहे, त्या जहाजाची इंजिनरूम मी काढलेली आहे. आणि लगेच पुढे, बाबांना सांगू नकोस, त्यांना वाटेल मी शाबासकी मागतोय. मी बरं म्हटलं. पण न सांगता त्यांना तिथे नेऊ नकोस, असं काही तू म्हणाला नव्हतास. मी तुझ्या ताईला, ऋचाला फोन केला, तिने तिकिटं काढली, आणि इराला पुंगोलहून शुक्रवारीच आमच्याकडे आणून सोडलं. बाबांना सांगितलं की ऋचाला शनिवारी ऑफिसचं काम निघालंय, नातीला आपल्यालाच न्यायचं आहे. ते म्हणाले, कार्टून बघायला मी येत नाही. अठ्ठावीस वर्षं जहाजावर काढलेला माणूस कागदी झाडं बघत फिरणार का? शेवटी इराने त्यांच्या मांडीवर चढून विचारलं तेव्हा गप्प बसले. गप्प बसणं म्हणजे होकार, हे या घरात मला चाळीस वर्षांपूर्वीच कळलेलं आहे.

निघताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, जाड बूट, लांब छत्री आणि थालीपिठांचा डबा. मी म्हटलं, आत बाहेरचं खाणं चालत नाही. यांनी डबा बॅगेत भरला. आउटरम पार्क स्टेशनला गाडी बदलायची होती, तर हे आपले पुढे चालत सुटले आणि भलत्याच एस्केलेटरवर चढले. मी तीन हाका मारल्या. लोक वळून बघायला लागले, हे वळले नाहीत. इरा धावत गेली आणि छत्री ओढून त्यांना परत घेऊन आली. ते वर माझ्यावरच चिडले, की तू मागे का रेंगाळतेस.

पार्कच्या दारात बॅगा तपासायला एक मुलगी उभी होती. तिने हसून विचारलं, अंकल, एनी फूड? हे तितकंच हसून म्हणाले, व्हेरी गुड, थँक यू. तिने पुन्हा विचारलं, यांनी पुन्हा थँक यू म्हटलं. मग तिने बॅग उघडली आणि डबा बाहेर निघाला. आता ते थालीपिठांचे वास, मागे ताटकळलेली माणसं, आणि हे मलाच विचारतायत, की मी खोटं बोललो असं तिला का वाटलं? डबा काउंटरवर जमा करून, चिठ्ठी घेऊन आत जाईपर्यंत माझं डोकं दुखायला लागलं होतं.

आत काय काय होतं ते तुला माहीतच आहे. छत्र्यांचं जंगल, बेडकाची खानावळ, ते उडणारं पोस्ट ऑफिस. खरं सांगू, मला आवडलं. खानावळीतल्या भांड्यांवर कुणीतरी काजळीसुद्धा रंगवली होती, मी बोट लावून बघितलं. पण सुखाने बघू देतील तर ना. हे रिव्हेट प्लास्टिकचे आहेत. या दाराच्या बिजागऱ्या उलट्या बसवल्यात. पोस्ट ऑफिस उडतं तर त्याचा पंखा कुठाय? इरा बिचारी त्यांचा हात धरून प्रत्येक सिनेमाची गोष्ट सांगत होती, हे प्रत्येक वाक्याला ‘हो का’ म्हणत होते. तिने विचारलं, आजोबा, तुम्हाला टॉयलेटला जायचंय का? हे म्हणाले, हो का, मग पुढे काय झालं? तेव्हा ती माझ्याकडे येऊन तिच्या त्या सिंगापुरी इंग्रजीत वैतागून म्हणाली, आज्जी, आजोबा नेव्हर लिसन वन. मोठ्या माणसांबद्दल असं बोलू नये म्हणून मी तिला दटावलं. मनात म्हटलं, बाई, तुला आठ वर्षांत कळलं ते.

जहाजाला सगळ्यांत मोठी रांग होती, म्हणून त्यांनी नंबरांच्या चिठ्ठ्या दिल्या. नंबर पुकारला की जायचं. बाबांना सामान घेऊन बाकावर बसवलं, चिठ्ठी त्यांच्या हातात दिली, आणि मी इराला पाणी प्यायला घेऊन गेले. परत येते तर आमचा नंबर पुकारून होऊनही गेला होता. तीनदा पुकारला म्हणे, ते बसले होते त्याच बाकाच्या डोक्यावर स्पीकर. पुन्हा नवी चिठ्ठी, पुन्हा पाऊण तास. इरा रडकुंडीला आली आणि माझा तोल गेला. मी चारचौघांत म्हणाले, तुम्हाला यायचं नव्हतं तर घरी सांगायचं होतं, पोरीचा दिवस कशाला वाया घालवता? ते जमिनीकडे बघत म्हणाले, कुणी बोलावलं? मला त्यात नेहमीची गुर्मीच ऐकू आली.

इंजिनरूमला उभी लोखंडी शिडी ठेवलीय तुम्ही. दहा वर्षांखालच्या मुलांबरोबर मोठं माणूस लागतं, आणि माझे गुडघे कसे आहेत ते तुला ठाऊक आहे. एवढे दिवस मी मनाशी ठरवत होते की त्यांना त्या खोलीत कसं ढकलायचं, आणि आता वाद घालायलाही जागा नव्हती. ते इराचा हात धरून वर गेले. शिडी मात्र अशी चढले की जणू काल रात्रीच बोटीवरून उतरलेत.

मी खाली बसून राहिले. दहा मिनिटं, वीस मिनिटं, अर्धा तास. बरोबर गेलेले सगळे उतरून गेले. मग तिथे काम करणारी मुलगी माझ्याकडे आली, की आंटी, तुमचे अंकल पुढे सरकत नाहीयेत, मागची माणसं खोळंबलीत. म्हणजे शेवटी मला चढावंच लागलं. दोन्ही हातांनी कठडा धरून, एकेका पायरीला तुम्हा बापलेकांच्या नावाने बोटं मोडत.

वर गेले, आणि वरुण, माझे पाय तिथेच थांबले. ती खोली मी आयुष्यात एकदाच पाहिलेली आहे. तू सात वर्षांचा होतास, जूनच्या सुट्टीत आपण दोघं त्यांच्या बोटीवर डर्बनपर्यंत गेलो होतो. मी सारा वेळ केबिनमध्ये उलट्या काढत पडले होते आणि तू दिवसभर खाली त्यांच्यापाशी. तोच पोपटी रंग, पितळी कडांची तीच घड्याळं, तेच पोलादी टेबल. टेबलाशेजारी लाकडी स्टूल, पाइपाला बांधलेलं, निळ्या कापडाच्या पट्टीने.

बाबा त्या स्टुलावर हात ठेवून उभे होते आणि इराला सांगत होते. मीही ते पहिल्यांदाच ऐकलं. समुद्र खवळला की तू बसायचास ते स्टूल घसरायचं, म्हणून ते बांधावं लागे. दोरीने बांधलं तर तुझ्या पोटऱ्या सोलवटायच्या. म्हणून त्यांनी स्वतःच्या बॉयलर सूटची बाही फाडून ती पट्टी केली होती. पुढे कॅप्टनने विचारलं तेव्हा सांगितलं की बाही यंत्रात अडकून फाटली. हे तुझ्या लक्षात राहिलं आणि तू ते सिनेमात काढलंस, आणि दोघांपैकी एकाने मला कधी सांगितलं नाही.

मागून ती मुलगी म्हणाली, अंकल, कॅनॉट टच आह. ते हलले नाहीत. तिने पुन्हा सांगितलं. मग ती फिरून त्यांच्या समोर गेली आणि हात जोडल्यासारखं करून तेच म्हणाली. तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, “धिस रूम, माय सन मेड.”

सहा वर्षं, वरुण. मरीन इंजिनिअरिंग दीड वर्षात सोडून तू टोकियोला चित्रं शिकायला निघालास, ते तुला पोचवायला विमानतळावर आले नाहीत, तेव्हापासून या माणसाने घरात तुझं नाव उच्चारलेलं नाही. तुझ्याबद्दल काही सांगायला गेले की उठून गॅलरीत जातात. आणि पहिल्यांदा ‘माझा मुलगा’ म्हणाले ते कुणाला, तर तिकिटं तपासणाऱ्या परक्या पोरीला. मला हसावं की त्यांना त्याच शिडीवरून ढकलावं, कळेना.

मग मी त्यांना दिसले. मी मुद्दाम आणलंय हे त्यांना तेव्हाच कळलं असणार. खोलीभर नजर फिरवून ते म्हणाले, “सगळं बरोबर केलंय त्याने. आवाज तेवढा ठेवायचा विसरला.”

मी विचारलं, “कसला आवाज?”

“इंजिनाचा. मुकी इंजिनरूम असते का कुठे?”

ती खोली आवाजाने नुसती भरली होती, वरुण. वाफेची सुंसुं, लोखंडाची टणटण, मधूनच घंटा आणि कर्कश शिट्टी. इराने दोन्ही कानांत बोटं घातली होती. खाली बाकावर बसून मी अर्धा तास तेच ऐकत होते. आणि ते त्या गदारोळाच्या मधोमध उभे राहून, तू काय विसरलास ते मला समजावून सांगत होते.

मी म्हटलं, हो, राहिलं असेल. मग शिडी उतरले. आउटरम पार्क आठवलं, ती ‘एनी फूड’ म्हणणारी मुलगी आठवली. आणि ‘कुणी बोलावलं’ हा त्यांचा खराखुरा प्रश्न होता, हे मला तेव्हा उमगलं. गेली तीन-चार वर्षं मी या माणसाशी रोज भांडतेय. टीव्ही मोठा लावतात म्हणून, उत्तर देत नाहीत म्हणून, पाहुण्यांत बसत नाहीत म्हणून. एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही.

मंगळवारी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. सरळ नाही आले. मी सांगितलं की तोवर स्वयंपाक बंद, तेव्हा आले. काचेच्या खोलीत बसवून कानांवर हेडफोन लावले, बारीक आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. मी बाहेरून बघत होते. तोंडी परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसले होते, आणि त्यांचा अंगठा हलत नव्हता. मध्येच अंदाजाने एकदा दाबला, तेव्हा बाहेरच्या मशीनवर काहीच वाजत नव्हतं. डाव्या कानात जवळजवळ काही उरलेलं नाही. उजव्याला यंत्राने बरंच येईल असं डॉक्टर म्हणतात, पुढच्या आठवड्यात बसवणार आहेत. इंजिनांपाशी आयुष्य काढलेल्यांचं असं होतं म्हणाले. बारीक आवाज आधी जातात, आणि सगळ्यांत कठीण फोनवरचं बोलणं. त्यांना स्वतःला हे चार वर्षांपासून माहीत आहे. कुणाला सांगितलं नाही, कारण काय, तर लोक मोठ्याने बोलायला लागतात.

आता जे सांगायला एवढे कागद खर्च केले ते सांगते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत तू फोन केलास आणि पहिल्यांदाच म्हणालास, बाबांना दे. मी दिला. ते खुर्चीवरून उठून उभे राहिले, फोन कानाला लावला, दोनदा हॅलो म्हणाले, मिनिटभर तसेच उभे राहिले आणि मग फोन बंद करून टेबलावर ठेवला. तू मला नंतर म्हणालास, आई, मी त्यांना सिनेमाचं सांगत होतो आणि त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर तू कधी त्यांना मागितलं नाहीस. मीही दोन वर्षं त्यांना टोचत राहिले, दगड म्हणाले, आणखी काय काय म्हणाले. मंगळवारी दवाखान्यातून येताना बसमध्ये मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले आणि विचारलं, त्या दिवशी फोन का ठेवलात?  ते म्हणाले, “आवाज त्याचा आहे हे कळलं. शब्द एकही लागला नाही. पुन्हा पुन्हा विचारलं असतं तर त्याला वाटलं असतं, मुद्दाम करतोय.” हे तुला कळवायचं नाही असं मला बजावलंय. मी कळवलं. आता फोन करू नकोस, मेसेजही नको. चार दिवसांची रजा काढ आणि ये. त्यांच्या उजव्या हाताला बस, तोंड त्यांच्याकडे कर, सावकाश बोल. ओरडू नकोस, ओरडलं की चिडतात. आणि त्या दिवशी सिनेमाचं जे सांगत होतास, ते पहिल्यापासून सांग.

तुझीच,
आई