पहिल्या रांगेतली दाद

२० नोव्हेंबर १९९४, रविवार

दिलीप तिवारी येऊन गेला. संगीत समारोहाचा सेक्रेटरी झाल्यापासून तो दारातूनच घाईत बोलतो. डिसेंबरात समारोह. दोन दिवस शास्त्रीय, तिसऱ्या दिवशी जॅझ.

चहा झाल्यावर मुद्द्यावर आला. पहिल्या रांगेतली ह्यांची खुर्ची गेल्या वर्षी हार घालून रिकामी ठेवली होती. यंदा जमणार नाही. गाणाऱ्याला समोर एक तरी जाणकार दिसायला हवा. बाकी रांगेत कलेक्टर साहेब आणि देवास गेटचा टीव्हीवाला स्पॉन्सर. "काकीजी, ये लोग तो सोफे पे सो जाते हैं। श्रीनाथजी एक 'वा' बोलते थे, गाने में जान आ जाती थी।" म्हणून त्या खुर्चीवर आता मागच्या रांगेतले माणिकराव बसणार.

मी म्हटलं, मी बसेन.

तो म्हणाला, आप?

म्हटलं, इतकी वर्षं ह्यांच्या शेजारी कोण बसत होतं? "वा" कुठे म्हणायचं ते मला झोपेतही कळतं.

त्याने बशीतला चहा संपवला आणि म्हणाला, ठीक है, पहिल्या दिवशी बसून बघा. नाही जमलं तर खुर्ची माणिकरावांची.

बघा म्हणजे काय? परीक्षा घेतो माझी? घेऊ दे.

हे मी आठवणी-बिठवणीसाठी करत नाही. संगीतासाठी करते आहे.

२३ नोव्हेंबर

मराठी समाजाच्या वाचनालयातून संगीताचं पुस्तक आणलं. शाळा सातवीत सुटली, पण वाचून कळलं नाही असं पुस्तक अजून माझ्या हाती आलेलं नाही. तालाची पहिली मात्रा म्हणजे सम. गाणारा फिरून फिरून तिथे येतो. आला की आपण "वा" म्हणायचं. एवढंच! ह्यासाठी हे उगाच एवढा चेहरा करून बसायचे.

२४ नोव्हेंबर

सोळा मात्रा बोटांवर मोजल्या. भाजी करपली. सून अश्विनी फार बारीक चिरते.

२७ नोव्हेंबर, रविवार

सकाळी रेडिओवर गायन होतं. तीनदा "वा" म्हटलं, दोनदा बरोबर. तिसऱ्या वेळी निवेदिका बोलत होती, पण तीही छान बोलत होती.

हर्षल न्हाणीघरातून ओरडला, आई, कोणाला बोलावतेस? शेजारच्या दुर्गाने गच्चीवरून विचारलं, "भाभीजी, किस बात पे वाह-वाह हो रही है?" म्हटलं, रियाज़ है.

२ डिसेंबर

धोरण ठरवलं. एका रागात पाचाहून जास्त "वा" नाहीत. "क्या बात है" एकदाच, अगदी शेवटी. "हाय हाय" अजिबात नाही, ते माणिकराव म्हणतात. दारात बोट सापडल्यासारखं वाटतं. मान हलवायची, पण अंबाडा सुटेपर्यंत नाही.

जॅझच्या दिवशी तोंड बंद. हेसुद्धा त्या दिवशी गप्प बसायचे. म्हणायचे, समजत काही नाही, पण माणूस घाम गाळतोय, उठून जाऊ नये.

६ डिसेंबर

विलंबित म्हणून एक प्रकार असतो. त्यात दोन मात्रांच्या मध्ये दूध तापून उतू जातं. मोजायला घेतलं आणि मध्येच आठवलं की ह्यांचा स्वेटर अजून ट्रंकेतच आहे. समारोहाच्या आधी तो उन्हात घालायचा असतो. घातला. परत आले तर मोजणं कुठवर आलं होतं ते हरवलं.

रेडिओवाल्यांनी सकाळच्या वेळी विलंबित लावूच नये. लोकांना कामं असतात.

११ डिसेंबर, रविवार

माधव नगरात भाजी घेताना माणिकराव खासगीवाले भेटले. आपले पणजोबा शिंद्यांच्या दरबारात होते, हे ते मेथीचा भाव विचारण्याआधी सांगतात. म्हणाले, "वहिनी, ऐकलं ते खरं का? फिकर करू नका. मी तुमच्या मागेच बसतो. अडलं तर इशारा करेन."

मी म्हटलं, भावजी, इशारा त्या मेथीवालीला करा. ती केव्हाची जुडी धरून उभी आहे.

छान बोलले. रात्री झोप नाही. मेथी उष्ण असते.

१५ डिसेंबर

उद्या. तयारी पूर्ण आहे. हात गार पडलेत, ते थंडीमुळे.

हर्षल म्हणाला, आई, नको जाऊस. माझ्या बँकेतले लोक येणार आहेत, हसतील. मी म्हटलं, तुझ्या बाबांची जागा कोणी राखायला नको का? मला वाटलं, इथे आपण संगीत म्हणायला हवं होतं.

१७ डिसेंबर, शनिवार, सकाळी

काल उत्तम झालं. जवळजवळ.

गाणाऱ्या बाई ग्वाल्हेरच्या. त्यांच्या नावापेक्षा रंगीत टीव्हीचं पोस्टर मोठं. मी ह्यांच्या खुर्चीत. रांगेतली ती शेवटची, पलीकडे मांडवाचा बांबू. अलीकडे माझी जुनी खुर्ची, तिच्यावर मी माझी पिशवी ठेवली.

पहिल्याच समेवर "वा" म्हटलं आणि ते बरोबर पडलं! बाईंनी गाता गाता माझ्याकडे पाहून मान लववली. मागे वळून माणिकरावांचा चेहरा बघायचा होता, पण मी शिस्तीची आहे.

पुस्तकात मात्र एक गोष्ट लिहिलेली नाही. दाद दिली की गाणारा तुमच्यासाठीच गायला लागतो. बाईंनी गाणं सगळं माझ्याकडे वळवलं. समेपाशी आल्या की डोळे माझ्यावर. मोजायला जावं तर त्या बघतात, त्यांच्याकडे बघावं तर मोजणं चुकतं. शेवटी त्या हसल्या की मी "वा" म्हणायला लागले. पाचाचं धोरण पहिल्याच ख्यालात संपलं. गाणारे लोक समोरच्याला असं धरून ठेवतात हे ह्यांनी मला कधी सांगितलं नाही.

मग बाईंनी गंमत केली. समेपर्यंत आल्या आणि ती गाळली. श्वास रोखून थांबल्या, माझ्याकडे पाहिलं. सगळा मांडव थांबला होता. त्या रिकाम्या जागेत माझं "क्या बात है" धाडकन पडलं.

तबलेवाला अडखळला. कलेक्टर साहेब जागे झाले. बाई सावरून सुरावर आल्या आणि मागून माणिकरावांचं "हाय हाय", अगदी नेमकं. बाई त्या बाजूला वळून बसल्या. शेवटपर्यंत तिकडेच गायल्या.

मान अवघडली असणार त्यांची. मांडवात फार वारं होतं.

१८ डिसेंबर, रविवार, सकाळी

काल दिलीपने मला न विचारता पिशवी उचलली आणि माझ्या जुन्या खुर्चीवर माणिकरावांना बसवलं. म्हणाला, सिर्फ सपोर्ट के लिए. कार्यक्रम सतारीचा होता.

मी नवी पद्धत काढली. माणिकराव हात गुडघ्यावर ठेवतात. सम येणार असली की तो हात जरासा उचलतो. तो उचलला की मी तोंड उघडायचं. एकही "वा" चुकला नाही. मध्यंतरात दिलीप म्हणाला, काकीजी, आज तो कमाल! तेवढ्यात माणिकराव म्हणाले, "वहिनी, आता माझा हात सोडा, चहाचा कप धरायचा आहे."

सगळे हसले. मीही हसले.

घरी येऊन जेवले नाही. ह्यांचाही हात असाच गुडघ्यावर असायचा. मी तोच बघत असे. आख्खं गाणं त्या हातात दिसायचं, मग स्टेजकडे बघायची गरज काय? म्हणजे मला गाणं कळतं. पण दुसऱ्या कोणाच्या हाताकडे पुन्हा बघणार नाही.

आज जॅझ. जाणार नाही.

दुपारी ४. जाणार आहे. मी नसले तर माणिकराव माझ्या खुर्चीवरून ह्यांच्या खुर्चीवर सरकतील, आणि मग ते तिथलेच होतील. आज नियम एकच. तोंड उघडायचं नाही.

१९ डिसेंबर, सोमवार, सकाळी

लिहायचं नव्हतं. लिहिते.

काल मांडव कॉलेजच्या पोरापोरींनी भरला होता. स्टेजवर परदेशी पार्टी. सॅक्सोफोनवाला उंच, टकला, डोळे मिटून वाजवणारा. माणिकरावांचा हात गुडघ्यावर नुसता पडून होता. त्यांनाही काही कळत नव्हतं. मला बरं वाटलं.

मग बाकीचे वाजवायचे थांबले आणि तो एकटाच वाजवू लागला. खालच्या पट्टीत, अगदी हळू. कोणी तरी दुसऱ्या खोलीत बोलत असावं तसं. वाजवता वाजवता मध्येच थांबला. सम कुठे, पुढे काय येणार, काही कळेना. मी वळले. सवयीने ह्यांच्या बाजूला वळले, विचार करून नाही. तिथे बांबू होता.

आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "अहो!"

"वा" नाही. "अहो." घरात स्वयंपाकघरातून मी ह्यांना हाक मारायचे तसंच.

त्या माणसाने डोळे उघडले. माझ्या दिशेने वाकला आणि तेच दोन सूर वाजवले. अ-हो. पुन्हा. मग वरून, मग खालून. मागच्या पोरांना वाटलं जॅझला असंच ओरडायचं असतं. एकजण ओरडला, "अहो!" मग दहा, मग सगळे. तो वाजवायचा, मांडव ओरडायचा. कलेक्टर साहेब टाळ्या वाजवत "अहो!" टीव्हीवाला सोफ्यावरून उठून "अहो!"

माणिकराव तेवढे ओरडले नाहीत. आम्हा मराठी लोकांना कळणारच. त्यांनी मान खाली घातली. माझ्याकडे पाहिलं नाही, ते बरं केलं.

दुपारी

दिलीप आला. "काकीजी, छा गईं आप!" सॅक्सोफोनवाल्याने विचारलं म्हणे, ती बाई कोण? स्पॉन्सर खूश. पुढच्या वर्षीपासून जॅझच्या दिवशी ती खुर्ची माझी, पक्की. शास्त्रीयच्या दोन्ही दिवशी माणिकराव. "बस, वो 'अहो' वैसा ही चाहिए. बिल्कुल वैसा ही." आणि मला ते करून दाखवलं, हात उंचावून.

अश्विनी हसली. मग माझ्याकडे बघून थांबली आणि कप घेऊन आत गेली.

मी दिलीपला म्हटलं, ती दाद नव्हती. त्याने विचारलं, फिर क्या था? म्हटलं, चूक झाली. तो म्हणाला, तो यही चूक हर साल कीजिए.

हो म्हटलं की नाही म्हटलं, आठवत नाही. तो खुशीत गेला, म्हणजे हो म्हटलं असणार.

हा शब्द सव्वा वर्षात माझ्या तोंडून निघाला नव्हता. काल एवढ्या सगळ्यांनी मिळून हाक मारली.

आले नाहीत.