काळ्या कुसळांच्या गव्हाचे पाकीट

मी, गहू संशोधन केंद्रातली निवृत्त शेत-सहायक, वय अडुसष्ट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा कागद जोडला आहे. कोणाचे दडपण नाही. रडूही येत नाही. का येत नाही ते ठाऊक नाही, पण लिहायला बरे पडते.

१. राहते घर, दोन खोल्या, माझ्या एकुलत्या एक मुलीला. धाकटे दीर हक्क सांगायला येतील. त्यांना खुर्ची द्यावी, चहा द्यावा आणि हा कागद दाखवावा. माझा नवरा सव्वीस दिवस दवाखान्यात होता, तेव्हा हे एकदाही फिरकले नाहीत. नंतर म्हणाले, "वेळच मिळाला नाही हो वहिनी."

२. बँकेत असेल ते तिलाच.

३. चिमटा, बारीक कात्री आणि भिंग, केंद्रात माझ्या जागी आलेल्या बाईला. गव्हाच्या फुलातले पुंकेसर चिमट्याने काढायचे, ओंबीला कागदी पिशवी घालायची, दोन दिवसांनी दुसऱ्या गव्हाचा पराग टाकायचा आणि चिठ्ठीवर आईबापांचे नंबर लिहायचे, हे मी तीस वर्षे केले. त्या कात्रीने दुधाची पिशवी कापू नये.

४. मोठ्या साहेबांच्या सत्काराचा फोटो जाळला तरी चालेल. त्यात मी अर्धीच आले आहे.

५. फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्याखाली एक डबा आहे. त्यातले बियाण्याचे पाकीट मुलीला. ते काय आहे, हे सांगणे भाग आहे.

साहेबांचा सत्कार झाला तो तांबेरा रोग न पडणाऱ्या गव्हाच्या वाणासाठी. त्याचा बाप चौदा नंबरचा गहू, असे सगळीकडे छापले आहे. ते खोटे आहे. आई आणि बाप एकाच वेळी फुलावर यावेत म्हणून बापाची पेरणी दहा-दहा दिवसांनी तीनदा करायची असते. नवरा दवाखान्यात होता, मी तिसरी पेरणी विसरले. आईची ओंबी तयार झाली तेव्हा चौदा नंबरचा पराग संपून गेला होता. साहेब चिडले तर नोकरी जाईल, एवढेच मला दिसत होते. पाटाच्या बांधावर काळ्या कुसळांचा एक गहू आपसूक उगवला होता. त्याचा पराग टाकला आणि चिठ्ठीवर लिहिले, चौदा.

वाण निघाला नामी. साहेब म्हणाले, "चौदानं नाव काढलं!" मी मान हलवली.

पुढे मुलगी त्याच केंद्रात संशोधनाला लागली. तांबेऱ्याला अडवणारे जनुक चौदा नंबरमध्ये शोधणे, हा तिचा विषय. पाच वर्षे शोधते आहे. वाणाची तपासणी चौदाशी जुळतच नाही. तिचे मार्गदर्शक म्हणतात, तूच नमुने मिसळलेस. तिने दोनदा सगळे पहिल्यापासून केले. आता महिनाअखेर तिला काढणार आहेत. परवा जेवताना म्हणाली, "आई, माझे हातच वाईट आहेत गं." मी म्हणाले, "जेव आधी." मी स्वतःही जेवले. घास अडकला नाही, हेही लिहून ठेवते.

बांधावर आता गाड्या लावतात. त्या गव्हाचे मी तेव्हा काढून ठेवलेले दाणे फक्त या पाकिटात उरले आहेत.

वरील मजकूर शेजारच्या निवृत्त नर्सबाईंनी साक्षीदार म्हणून वाचला. नियमाने साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, पण त्यांना कोण सांगणार? चष्मा काढून म्हणाल्या, "बाई, तुम्ही अजून दहा वर्षं जगलात तर? पोरीनं तोवर काय करायचं?"

दाणे तरी कुठे दहा वर्षे थांबणार? गेल्या वर्षी दहा दाणे ओल्या कागदावर ठेवले, सात उगवले. यंदा तीन.

पुरवणी. कलम ५ रद्द. पाकीट आज दुपारी मुलीच्या हातात दिले, केंद्राच्या संचालकांना लिहिलेले कबुलीचे पत्रही दिले. नर्सबाई समोर होत्या. मुलगी ओरडली नाही. तिने आधी विचारले, "बांधावर नक्की कुठे?" मी सांगितले. मग दाणे मोजले, एकतीस. सहा दाणे बशीत ओल्या कागदावर मांडले. मग पत्र वाचले, दोनदा वाचले.

"तू इथे 'नजरचुकीने' लिहिलंयस," ती म्हणाली आणि पेन माझ्यापुढे ठेवले. "ते खोड."

मी ते खोडून वर 'जाणूनबुजून' लिहिले. खाडाखोडीशेजारी सही केली. ती पत्र घेऊन केंद्रात गेली. बाकीची कलमे कायम आहेत. घर तिला नको असेल, तरी तिचेच आहे.

लिहून देणार: (सही) निवृत्त शेत-सहायक
साक्षीदार १: (सही) शेजारच्या नर्सबाई
साक्षीदार २: (सही) खालच्या मजल्यावरचे शिंपी, यांनी मजकूर वाचला नाही
ठिकाण: स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: ३ फेब्रुवारी, मंगळवार