दोरीखालचं रोप

रविवार, बहुतेक चौदा तारीख

प्रिय वहिनी,

तुला नमस्कार, दादाला एक चिमटा. मी मजेत आहे. वेळेवर जेवते (खोटं), भरपूर झोपते (खरं).

तुझं पाकीट मिळालं. पान पार चपटं झालंय, पण त्याची लव अजून बोटाला लागते. "ओळख पाहू, कपड्यांच्या दोरीखाली आपोआप उगवलंय," म्हणतेस. शेजारच्या काकू म्हणतात औषधी, दादा म्हणतो वांग्याचा चुलतभाऊ. दादाला चहाची पत्ती सोडून कुठलं पान कळतं गं?

इथे मी लोकर निवडते. मेंढ्यांची कातरलेली लोकर टेबलावर पसरायची आणि कचरा वेचत बसायचं. मुकादमबाई अशी की मी शिंकले तरी म्हणते, "उडाली बघ, आता गोळा कर!" इथे एक लंगडी मेंढी आहे, ती रोज... बरं, तिचं राहू दे.

"मला नाही ओळखता येत" असं लिहून मोकळी होणार होते. पण तुझ्यापुढे माझं खोटं टिकत नाही. ओळखते मी ते. त्याचीच काटेरी बोंडं दिवसभर लोकरीतून उपटते. गेल्या वर्षी आले तेव्हा माझा स्वेटर तू दोरीपाशी झटकला होतास, आठवतंय? त्यातलंच एखादं बोंड तिथे पडलं असणार. इथे त्याला कुणी नावानं हाक मारत नाही, शिवीच देतात. बोंडं वाळून गळली की पुढच्या वर्षी बाबांच्या सगळ्या वाफ्यांत तेच दिसेल.

तेव्हा उपटून टाक, असं लिहायला बसले होते. पण तू लिहितेस, वाफ्यात गवताची काडी जगू न देणाऱ्या बाबांनी त्याच्याभोवती विटा लावल्यात. दादानं हात घातला तर म्हणाले, "राहू दे. कुठून आलं विचारू नका. आलंय ना?"

हे मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. गेल्या वर्षी मी परत निघाले तेव्हा बाबा वाफ्यातून उठलेसुद्धा नव्हते. "जायचं तर जा, पण सारखं ये-जा करायला ही धर्मशाळा नाही," एवढंच बोलले होते. तू दर पत्रात 'कधी येतेस' विचारतेस आणि मी हवापाणी कळवते, ते त्यामुळेच.

बाबांना काही सांगू नकोस. रोपाला कुणाला हात लावू देऊ नकोस. बोंडं अजून हिरवी असतील. ती वाळायच्या आत मी येते आणि माझ्या हातानं काढते. बाबांना विचारूनच.

आणि ते "राहू दे" म्हणालेच, तर मीही राहीन. बोंडं तेवढी रोज वेचीन. तेवढं काम येतं मला.

या वेळी स्वेटर फाटकाबाहेर झटकून मगच आत येणारी,
तुझी नणंद