चिकटवलेले दिवे

प्रिय सुप्री,

फोन असताना हा माणूस पत्र का लिहितोय, अशी पहिली शंका तुला येईल. येऊ दे. शंका आपल्या घराण्यात सोन्यासारखी जपलेली आहे आणि तू एकुलती एक वारस. फोनवर तुझी आई शेजारी असते, आणि ती असताना मला 'जेवलीस का' आणि 'थंडी आहे का' एवढं दोनच विचारायची परवानगी आहे. म्हणून इथे म्हैसुरात, मेटगळ्ळीला, वर्कशॉपच्या मागच्या खोलीत, थिनरच्या वासात बसून लिहितोय. आपला कारागीर शिवप्रसाद दोनदा डोकावून गेला. मालक कागदावर लिहितायत म्हणजे मृत्युपत्रच, असा त्याचा समज झालेला दिसतो. सकाळपासून फार नम्र वागतोय.

आधी गाडीबद्दल. चार वर्षांपूर्वी तू तिकडे परदेशात रेसच्या गाड्यांच्या कंपनीत लागलीस तेव्हा म्हणालीस की अप्पा, ही स्टॉक कार, म्हणजे शोरूममध्ये मिळते तीच गाडी. मी बापडा विश्वास ठेवून बसलो. कुवेंपुनगरात घरोघर सांगून आलो की आपण दारात उभी करतो तसलीच गाडी तिथे विमानासारखी पळवतात आणि तिला रंगरूप माझी मुलगी देते. मग यंदा जूनमध्ये तू गाडीचा व्हिडिओ पाठवलास. मी आणि शिवप्रसादने तो थांबवून, मोठा करून पाहिला. डेंटिंग-पेंटिंगवाल्यांची सवय, लोक गाडी बघतात, आम्ही सांधा बघतो. शिवप्रसाद ओरडलाच, "सार, लैटे इल्ला!" खरंच दिवे नव्हते. दिव्यांची चित्रं होती! नाकावरची जाळी चिकटवलेली, मागचे लाल दिवेही चिकटवलेले. दाराला हँडल नाही, कारण दारच नाही. त्या दिवशी मी तुला फोनवर धरलं, तेव्हा हसत हसत सगळं कबूल केलंस. पूर्वी म्हणे लोक खरोखर घरची गाडी घेऊन मैदानावर जात, शर्यत लावत आणि गाडी शिल्लक राहिली तर तीच घेऊन घरी येत. आता आत सगळ्यांचा सारखाच नळ्यांचा पिंजरा, वर हलकं कवच. मध्ये काही वर्षं सगळ्या गाड्या इतक्या एकसारख्या दिसायला लागल्या की लोक रुसले, म्हणून आता कंपन्या मुद्दाम चेहरा रस्त्यावरच्या गाडीसारखा करून घेतात. आणि तो चेहरा चिकटवण्याचं खातं तुझं.

मला राग नाही आला. आपण मूळचे रंगारी. तुझे पणजोबा नीळ बनवायचे, आणि ओल्या रंगावर विश्वास ठेवू नये, तो वाळला की खरं बोलतो, असं म्हणायचे. मी स्वतः तीस वर्षं ठोकलेल्या गाड्यांना नवरीसारखं सजवून पाठवतोय. कुठल्या तोंडाने तुला बोलू? उलट तुमच्याकडचे तपासनीस मला आवडले. शर्यतीआधी प्रकाशाचे ठिपके टाकून गाडीचं अंगन्अंग मोजतात, केसभर फरक निघाला तरी परत पाठवतात म्हणालीस. असली संशयी माणसं म्हैसुरात असती तर मी पाय धरले असते. माझ्याजवळ एक लोहचुंबक आहे फक्त. पत्र्यावर फिरवायचं, जिथे चिकटत नाही तिथे खाली लांबीची पुट्टी भरलेली, म्हणजे तिथे मार लागलेला. तुला बघायला विश्वेशराव आले त्या दिवशीही ते माझ्या खिशात होतं, आणि चहा देताना तुझ्या आईने ते काढून घेतलं होतं. जावयाला लावून बघाल म्हणाली. माझा काही नेम नव्हता.

आता दुसरी शंका. ही मला आली नसती तर बरं झालं असतं. गौरी-गणपतीला आईने नेहमीप्रमाणे तुला साडी आणि विश्वेशरावांना शर्ट पाठवला, यंदा निळा. तुम्ही दोघांनी फोटो पाठवलात. तू नव्या साडीत, शेजारी निळ्या शर्टात ते, हातात आरतीचं पितळी तबक. तुझ्या आईला तो इतका आवडला की दसऱ्याला मोठा करून, चौकट घालून टीव्हीच्या वर भिंतीवर लावला. रोज संध्याकाळी बातम्या बघताना मी तुम्हा दोघांकडे बघायचो. पाचव्या दिवशी उठून चष्मा बदलला. शर्ट निळा होता ग, पण तबकाच्या कडेला शर्टाचं जे प्रतिबिंब पडलं होतं ते पोपटी होतं. गेल्या वर्षीचा शर्ट पोपटी होता. म्हणजे विश्वेशराव गेल्या वर्षीच्या फोटोतून उचलून तुझ्या शेजारी चिकटवलेले, आणि शर्ट तू कॉम्प्युटरवर निळा केलेला. कपडा रंगवताना त्याची सावलीही रंगवावी लागते, सुप्री. गाडी लाल केली तर खालची फरशीसुद्धा लाल दिसते. चार वर्षं तेच काम करणारी तू, आणि तबक विसरलीस. शिवप्रसादने असं काम केलं असतं तर मी पुन्हा घासायला लावलं असतं.

मग मागचं सगळं आठवत बसलो. मार्चपासून रविवारी फोन लावला की विश्वेशराव एकतर झोपलेले, नाहीतर दुकानात, नाहीतर आंघोळीला. इतकी आंघोळ करणारा माणूस कावेरीकाठी जन्मायला हवा होता. तूही पूर्वी स्वयंपाकघरात बसून बोलायचीस. मागे न घासलेली भांडी, त्यांचे बूट, कधी मध्येच त्यांचा हात यायचा बिस्किटाच्या डब्याकडे. आता मागे सदा तो पिवळा पडदा, इस्त्री केल्यासारखा. तू हसतेस तेही मापात. आमच्या धंद्यात एक ठोकताळा आहे: ज्या भागावर जास्त चकाकी, तिथेच धडक बसलेली असते. मी कुणाला काही बोललो नाही. आई फोटोसमोर उभी राहून 'किती छान दिसतायत' म्हणायची, मी 'हौदु हौदु' म्हणत होकारार्थी मान डोलवायचो. तिला कळू नये म्हणून मी पण एक दिवा चिकटवला.

आता हे पत्र का, ते सांगतो. दिवाळीचं पार्सल उद्या जायचंय. आईने यंदा विश्वेशरावांसाठी मरून रंगाचं कापड घेतलं, जयलक्ष्मीपुरमच्या टेलरकडे टाकलं, शर्ट आला, पार्सलात ठेवला, असं तिने मला सविस्तर सांगितलं. फारच सविस्तर. म्हणून काल ती देवळात गेल्यावर मी टेप कापून खोका उघडला. तुझी साडी होती. चटणीपुडी होती, कोडबळी होती, एका माणसाला पुरतील एवढीच. शर्ट नव्हता. आणि तळाशी तिची राखाडी शाल होती, जी सापडत नाही म्हणून आठ दिवस तिने घर डोक्यावर घेतलं होतं. म्हणजे तू तिथे एकटी आहेस हे मला कळायच्या आधीपासून तिला माहीत आहे, आणि मला कळू नये म्हणून ती चौकटीसमोर उभी राहून कौतुक करते. तीन माणसं, तिघांचे दिवे कागदाचे, आणि अंधारात आपण एकमेकांना चुकवत चाललोय. मी खोका पुन्हा बंद करताना हे पत्र शालीत ठेवतोय. काय झालं, कुणाचं चुकलं, मी विचारणार नाही. चुंबक ड्रॉवरमध्ये टाकलंय. तूच एकदा सांगितलं होतंस की शर्यतीत धडक झाल्यावर आत बसलेला धड असला तर खिडकीची जाळी खाली सोडतो, म्हणजे धावत येणाऱ्या लोकांना कळतं की माणूस शाबूत आहे, गाडीचं नंतर बघू. पार्सल मिळेल त्यानंतरच्या रविवारी बोलू नकोस काही. 'जेवलीस का' विचारीन, 'हो' म्हण. फक्त मागचा तो पिवळा पडदा बाजूला कर. खोली रिकामी असली तरी चालेल. आम्ही दोघं बघत असू.

तुझाच,
अप्पा